सातवा हिस्सा

१

डॉर्कस टनिक्लिफच्या उजव्या अंगठ्याला डोळे आहेत असं कारखान्यातल्या बाया म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. बर्स्लेम गावातल्या डेंट्रीसाहेबांच्या कारखान्यात ती अठरा वर्षं एकच काम करत आली होती. प्लास्टरच्या चपट्या साच्यात पांढरी माती अंगठ्याने दाबायची, मागची बाजू पट्टीने खरवडून सपाट करायची, आणि साच्यातून निघालेलं पातळ डोकं ओल्या कुंचल्याने निळ्या मातीच्या चकतीवर बसवायचं. डोकी सगळी एका बाजूने दिसणारी. रोमचे बादशहा, ग्रीक पंडित, इंग्लंडचे राजे आणि राण्या. सतराशे शहाऐंशी साली लंडनच्या बायकांना या चकत्यांचं वेड लागलं होतं. कमरपट्ट्यावर, मनगटावर, बुटाच्या बकलावर, जिथे जागा सापडेल तिथे कुणाचं तरी डोकं हवंच. डॉर्कसने अर्धं रोम अंगठ्याखाली घातलं होतं, पण त्यातल्या चौघांची नावं विचारली असती तर तिला सांगता आली नसती.

त्या सोमवारी नवा साचा आला. यादीत क्रमांक दोनशे चौदा, 'रोमची पुजारीण'. डॉर्कसने माती दाबली, खरवडली, डोकं उचललं, आणि नाकावरून फिरता फिरता तिचा अंगठा थांबला. नाकाच्या हाडावर एक बारीक उंचवटा होता. तो तिच्या चांगला ओळखीचा होता. धाकटी बहीण केझाया पाच वर्षांची असताना कालव्याच्या पायऱ्यांवरून पडली होती, कारण डॉर्कसने तिचा हात सोडला होता. तेव्हापासून हा उंचवटा त्या नाकावर होता आणि डॉर्कसच्या मनावरही.

"अगं बाई, ही तर आमची केझी!"

"तुमची केझी पुजारीण कधी झाली?" शेजारची बाई म्हणाली. "रविवारी प्रार्थनेत डुलक्या घेते ती."

सगळ्या हसल्या. डॉर्कसचं मात्र डोकं तापलं, आणि ते संध्याकाळपर्यंत उतरलं नाही.

केझाया त्याच कारखान्यात तयार माल गवतात बांधायचं काम करी. बावीस वर्षांची, हसरी आणि नको तितकी उंच. डॉर्कसपेक्षा अर्धी वीत वर. दोघी बहिणी राहत त्या घराचं दार बुटकं होतं, आणि रोज आत येताना चौकटीवर कपाळ आपटून घेणं हा केझायाचा नेमच होता. ती आपटली की डॉर्कस आतून ओरडायची, "वाक गं, उंटा!"

"पार्जिटरसाहेबांनी चार दुपारी खिडकीत बसवलं होतं," केझायाने कपाळ चोळत सांगितलं. पार्जिटर म्हणजे कारखान्याचा नमुनेकार, मेणात मूळ चेहरे घडवणारा. "म्हणाले, जरा हात मोकळा करायचाय. रोजातले पैसे कापले नाहीत, मग बसले. ही रिबन दिली बघ."

हातभर निळी रिबन तिने गळ्याभोवती बांधली होती.

"चेहरा तुझा, नाव रोमच्या कुठल्या भटणीचं, आणि तुझ्या वाट्याला हातभर चिंधी!" डॉर्कस म्हणाली. "विचारलं तरी का मेल्याने, विकू का म्हणून?"

"ताई, चेहरा काय झिजतोय होय माझा?"

२

भट्टीतून माल निघायचा तो शनिवारी. मातीच्या बंद डब्यांतून चकत्या काढून फळ्यांवर मांडत, एका फळीवर एक डझन. मग डॉर्कस त्या मापून बघे. तिच्या नवऱ्याने, तो हयात असताना, बैलाच्या हाडाची एक पट्टी करून दिली होती. तिच्यावर दोन खुणा होत्या. लांबची खूण ओल्या मातीच्या डोक्याची, अलीकडची भाजलेल्या डोक्याची. भट्टीत माती आकसते. सातांतला एक हिस्सा जातो. हे बर्स्लेममधल्या दुधपित्या पोरालाही माहीत असतं.

दोनशे चौदाची पहिली फळी आली. डॉर्कसने पट्टी लावली. डोकं लांबच्या खुणेला भिडलं.

तिने पट्टी उलटी लावून पाहिली. दुसरी चकती घेतली, तिसरी घेतली. बाराच्या बारा लांबच्या खुणेला. निळी चकती नेहमीसारखी आकसली होती, आणि तिच्यावरचं पांढरं डोकं मात्र साच्यातून काढलं तेवढंच होतं. कडेपर्यंत येऊन टेकलेलं. असं झालं तर चकती फुटायला हवी, निदान डोकं तरी सुटून पडायला हवं. कुठे केसभर तडा नव्हता.

तिने जोब मेअरला हाक मारली. जोबकाका तीस वर्षं भट्टी लावत होता. भुवया कधीच जळून गेलेल्या, त्यामुळे चेहरा कायम आश्चर्य वाटल्यासारखा. त्याने चकतीवर नखाने टिचकी मारली. भाजलेला माल टण्णकन वाजतो. ही वाजली नाही. दातावर नख मारावं तसा नुसता एक बोथट आवाज आला.

"कच्ची राहिली असेल," डॉर्कस म्हणाली.

"कच्ची? दगड झालाय दगड." जोबकाकाने चकती खाली ठेवली आणि हात विजारीला पुसले. "आग आपला वाटा सोडत नाही, पोरी. इथून नाही घेतला तर दुसरीकडून घेतला असेल."

"दुसरीकडून म्हणजे?"

"मला काय ठाऊक? मी भट्टीवाला. पाद्री नाही."

डेंट्रीसाहेब आले ते आधी तडकले. मग त्यांनी चकती उजेडात धरली, आणि त्यांचा राग विरघळत गेला. डोकं न आकसल्यामुळे मेणातला बारकावा जसाच्या तसा राहिला होता. पापणीचा केस न् केस मोजता येत होता. चौकटीत बसवली तर चौकट भरून दिसणार होती.

"हात लावू नका कुणी या मातीला," साहेब म्हणाले. "हीच माती, हाच साचा. पुढच्या भट्टीत आणखी एक डझन."

३

त्या संध्याकाळी डॉर्कस ओटची धिरडी भाजत होती. दार उघडलं, केझाया आत आली, शाल काढून खुंटीला लावली, चुलीपाशी बसली. काहीतरी राहून गेलं असं डॉर्कसला वाटत राहिलं. मीठ राहिलं का? मीठ घातलं होतं. दोन धिरडी उलटून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

कपाळ आपटल्याचा आवाज आला नव्हता.

"आज वाकलीस वाटतं शहाण्यासारखी?"

"मी?" केझायाने मागे वळून दाराकडे पाहिलं. "नाही बाई. नेहमीसारखीच आले."

डॉर्कसचं डोकं हिशेबी होतं. लाकडी बुटांचे तळ झिजले असतील. चौकट पावसाने फुगली होती ती आता उतरली असेल. दिवसभर वाकून गवत बांधणारी पोरगी, आली असेल पाठीत थोडी बाक. तिने स्वतःला तिन्ही कारणं दिली, तिन्ही तिला पटली, आणि तरी रात्री जेवताना ती बहिणीला बसल्या जागी डोळ्यांनी मापत राहिली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला दोघी एका पुस्तकातून गात होत्या. आजवर पुस्तक वर उचलून धरायची केझाया आणि मान ताणायची डॉर्कस. त्या रविवारी पुस्तक दोघींच्या नाकांसमोर सरळ राहिलं. केझायाचा आवाज मात्र नेहमीसारखा भरदार, छपराला जाऊन लागणारा. डॉर्कसने त्या आवाजाचा आधार धरला. आवाज ठीक आहे म्हणजे पोरगी ठीक आहे, असं तिने ठरवून टाकलं.

४

दोन आठवड्यांनी दुसरी भट्टी निघाली. पुन्हा एक डझन, पुन्हा लांबची खूण. घरी आल्यावर डॉर्कसने बहिणीला दाराच्या चौकटीला उभं केलं आणि खडूने रेघ मारली. केझाया आता तिच्या डोळ्यांपर्यंत येत होती.

तिसरी भट्टी, तिसरं डझन. खडूची रेघ अर्धी वीत खाली. केझाया खांद्याशी.

ती वाळली नव्हती. खोकत नव्हती, वाकली नव्हती. जशीच्या तशी होती, फक्त कमी, आणि तीही भट्टी उघडायच्या दिवशीच. हात, बोटं, नखं, नाकावरचा उंचवटा, सगळं ज्या त्या प्रमाणात. झग्याचा घेर जमिनीवर लोळायला लागला तेव्हा डॉर्कसने तो वर दुमडून टाचला. बूट ढिले झाले तेव्हा त्यात लोकर कोंबली. शालीच्या खुंटीला हात पोचेना तेव्हा खाली दुसरा खिळा ठोकला. एवढं सगळं तिने आपल्या हाताने केलं, आणि तरी दर सकाळी उठल्यावर तिला वाटायचं की आपलंच डोकं फिरलंय. मग ती खिळा बघायची.

कारखान्यात बायांच्या नजरा सोसवेनात म्हणून केझायाने कामावर जाणं बंद केलं. कुणी म्हणालं क्षय, कुणी म्हणालं प्रेमभंग. एवढी धडधडीत गोष्ट डोळ्यांसमोर घडत होती आणि एकीच्याही तोंडून खरा शब्द निघेना, याचा डॉर्कसला संताप येई. मग आठवायचं की आपणही तो अजून उच्चारलेला नाही.

तिने एका दुपारी जोबकाकाला चहाला बोलावलं. तो दारातून आत आला, केझायाला बघितलं, आणि टोपी हातात घेऊन उभाच राहिला.

"बसा ना काका," केझाया म्हणाली. आवाज तोच, खोली भरून टाकणारा. तो त्या एवढ्याशा छातीतून निघताना बघून म्हातारा एक पाऊल मागे सरला.

चहा तसाच राहिला. बाहेर अंगणात आल्यावर त्याने हळूच विचारलं, "किती डोकी झाली आतापर्यंत?"

"तीन डझन."

"डझनामागे?"

"अर्धी वीत," डॉर्कस म्हणाली. तिने तो शब्द उच्चारला होता. ती पायरीवर बसली.

५

भीती आणि संताप यांत डॉर्कसला संताप सोपा जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोनशे चौदाचा साचा शालीखाली घातला आणि कालव्यात भिरकावला. मंगळवारी तिच्या पुढ्यात दोन नवे साचे आले. मूळ साचा साहेबांच्या कुलपातल्या कपाटात होता, आणि त्याच्यावरून हवे तितके काढता येत होते.

मग ती पार्जिटरच्या खोलीत घुसली. खोली उत्तरेच्या उजेडाची, भिंतीवर पुतळ्यांचे कापलेले हात-पाय टांगलेले. हा गृहस्थ दोन वर्षं रोमला राहून आला होता आणि ते तो कुणालाही विसरू देत नसे.

"माझ्या बहिणीचा चेहरा परत द्या."

त्याने मेणाचं कोरणं खाली ठेवलं. "चेहरा परत? बाई, चेहरा काय छत्री आहे?"

"तुम्ही तिला विचारलं होतं?"

"राणीसरकारचं डोकं करायचं तर परवानगी मागावी लागते. सरदाराचं करायचं तरी पत्र पाठवावं लागतं. माल बांधणाऱ्या पोरीला काय विचारायचं? उलट तिचं नशीब उघडलं. ती आता लंडनमध्ये डचेसच्या छातीवर असते."

"ती माझ्या घरी लोकर कोंबलेल्या बुटांत असते," डॉर्कस म्हणाली. "चला, बघा येऊन."

त्याची नजर खिडकीखालच्या स्टुलाकडे गेली, ज्यावर केझाया चार दुपारी बसली होती. त्याने ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं आणि वर एक फडकं टाकलं होतं.

"मी येणार नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजातलं रोम एकदम निघून गेलं होतं. "त्या पोरीला हल्ली पाहिलं होतं मी, वाटेत. डॉर्कसबाई, मी असे शंभर चेहरे केले. असं कधी झालं नाही. मला काही विचारू नका."

"म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला!"

"साचा माझ्या हातात नाही आता. साहेबांकडे जा."

माहीत होतं, आणि हा माणूस फडकं टाकून शेजारी बसून दुसऱ्या कुणाचं तरी नाक कोरत होता. डॉर्कसने त्याच्या टेबलावरचं ते नवं मेणाचं नाक अंगठ्याने चपटं केलं आणि खोलीबाहेर पडली.

६

साहेब मालाच्या दालनात होते. तिथे कामगार बायांना मज्जाव होता, पण डॉर्कस तशीच आत गेली, मातीने भरलेल्या हातांनी. लंडनहून आलेल्या कुणा सरदारबाई काचेच्या कपाटासमोर उभ्या होत्या. त्यांच्या कमरपट्ट्यावर मधोमध केझाया होती. पांढरी, निळ्यावर, डोळे मिटल्यासारखे खाली.

"फार गोड आहे हो ही," बाई सांगत होत्या. "माझ्याकडे तुमच्या वीस चकत्या आहेत. सगळ्या थंडगार. ही मात्र कधी गार पडतच नाही. परवा माझी मोलकरीण घाबरली. म्हणे ही ऊब देते."

"ती ऊब तिची आहे," डॉर्कस म्हणाली. "ती तुम्ही काढून द्या."

बाईंनी असं पाहिलं जणू खुर्ची बोलली. साहेबांनी डॉर्कसच्या दंडाला धरून तिला बाजूच्या खोलीत नेलं. तिने सगळं सांगितलं. खडूच्या रेघा, खिळा, बूट, डझनामागे अर्धी वीत. साहेबांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत, हे विशेष. आपल्या मालाचं हे गुपित त्यांनाही जवळून बघायचं नव्हतं, एवढंच तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"डॉर्कस, तू इथली जुनी बाई. तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं मी म्हणत नाही. पण मी लंडनला शब्द दिलाय. दोन डझन राहिल्यात. तेवढ्या करून दे, आणि मूळ साचा मी तुझ्या देखत हातोड्याने फोडतो. कामाचे साचे काय, महिन्याभरात झिजतात." त्यांनी छातीवर हात ठेवला. "डेंट्रीचा शब्द."

"एकही नको."

"मग दुसऱ्या बायांना देतो. त्या पाच डझन बिघडवतील तेव्हा दोन डझन नीट निघतील. तुझ्या हातची एकही वाया जात नाही. तूच ठरव."

घरी तिने केझायाला हे सांगितलं. केझाया स्टुलावर बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने बोटांवर हिशेब केला.

"दोन डझन म्हणजे एक वीत. तुझ्या छातीशी येईन. चालेल की." मग तिचा आवाज चढला, आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. "आजारी नाही मी, ताई! लोक म्हणतात बिचारी आजारी. मला कमी करतायत ते. माझं काढून घेऊन त्या बायांच्या कमरेला लावतायत. हे कुणीतरी एकदा म्हणा तरी!"

"मी म्हणते," डॉर्कस म्हणाली आणि तिने बहिणीला उचलून मांडीवर घेतलं. घेताना फार सोपं गेलं, त्याचं तिला रडू आलं.

मग तिने साहेबांच्या शब्दावर विश्वास ठेवला. अठरा वर्षांत त्यांनी एकदाही रोज बुडवला नव्हता. दुसरा आधारही काय होता तिच्याकडे? आठवडाभर तिने त्या चोवीस चकत्या केल्या, एकही न बिघडवता. प्रत्येक नाकावरून अंगठा फिरवताना ती पुटपुटायची, "झालं हं, झालं." चोवीस मोजून डब्यांत ठेवल्या, झाकणं लावली, आणि जोबकाकाने भट्टीचं तोंड विटांनी बंद केलं.

७

शनिवारी सकाळी भट्टी निवली होती. साहेब हातोडा घेऊन आले होते, मूळ साचा फडक्यात गुंडाळून आणला होता. डॉर्कसला बरं वाटलं.

पहिली फळी आली. बाराच्या बारा लांबच्या खुणेला. दुसरी फळी आली. लांबची खूण. चोवीस झाल्या. डॉर्कसने पट्टी खाली ठेवली आणि हातोड्याकडे हात केला.

तिसरी फळी आली.

तिला वाटलं बादशहा असतील, पंडित असतील. नाकावर उंचवटा होता. मागून चौथी आली, पाचवी आली. माल काढणारे आतून डबे देत होते आणि प्रत्येक डब्यात तीच होती, खाली डोळे केलेली.

"ह्या कुणी केल्या?" तिने विचारलं.

"वरच्या मजल्यावरच्या बायांनी," साहेब म्हणाले. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "मागणी वाढली. आणि अर्धी रिकामी भट्टी कुणी लावतं का डॉर्कस? तुला कळायला हवं. कोळसा तेवढाच जळतो."

हे खरं होतं. रिकामी भट्टी कुणीच लावत नाही. अठरा वर्षं तिने हे स्वतः दुसऱ्यांना सांगितलं होतं, आणि चोवीस चकत्या डब्यांत ठेवताना उरलेली भट्टी कशाने भरणार हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. जोबकाका विटांच्या ढिगाजवळ उभा होता. "डबे बंद होते पोरी," तो म्हणाला. "देवाशपथ, डबे बंद होते."

फळ्या येत राहिल्या. ती मापत राहिली, कारण थांबली असती तर घरी जावं लागलं असतं. सातवी, आठवी, नववी. सगळी लांबच्या खुणेला, सगळ्यांचा तो दातावर नख मारल्यासारखा आवाज. दहावी. अकरावी. बारावी. तेराव्या फळीवर तिने पहिली चकती उचलली. लांबची खूण.

दुसरी उचलली. डोकं अलीकडच्या खुणेला बरोबर बसलं.

तिने टिचकी मारली. चकती टण्ण वाजली, स्वच्छ, घंटेसारखी. तिसरीही वाजली. चौथीही. डोकं आकसून चकतीच्या मधोमध सुबक बसलं होतं, चारी बाजूंनी निळं मोकळं सोडून. आगीने आपला वाटा पुन्हा मातीतून घेतला होता. दुसरीकडे घ्यायला आता काही उरलं नसावं.

"ह्या बारक्या कशा झाल्या?" साहेबांनी चकती हिसकावली. "चौकटीत खुळखुळतील या! लंडनला काय तोंड दाखवू? अकरा नग वाया!" त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. अन्याय झाल्यासारखा. "मग साचा नाही फोडता येणार, डॉर्कस. आधी या भरून काढाव्या लागतील."

अठरा वर्षांत पहिल्यांदा डॉर्कसने मालकाच्या थोबाडीत मारली. मातीचे पाच पांढरे वळ त्यांच्या गालावर उमटले. मग तिने त्यांच्या हातातून साचा ओढून विटांवर आपटला. त्याचे तुकडे तिच्या पायाशी पसरले. ते थोडं आधी करायला हवं होतं, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ती घराकडे पळाली.

८

दार लोटलेलं होतं. तिने ते हळूच उघडलं.

चुलीत विस्तव होता. किटली कोमट होती. स्टूल होतं तिथेच, चुलीपासून हातभर, आणि त्यावर झग्याचा ढीग, वर टाचलेल्या घेरासकट. खाली लोकर कोंबलेले बूट शेजारी शेजारी. खालच्या खिळ्याला शाल. पोरगी बाहेर गेली असेल, डॉर्कसने स्वतःला सांगितलं. कपडे न घालता? बूट न घालता? तिचं हिशेबी डोकं अजूनही कारणं शोधत होतं आणि ती त्याला शिव्या देत होती.

ती दोन पावलं आत आली. फरशीवर निळी रिबन पडली होती. तिने वाकून उचलली. गाठ सुटलेली नव्हती. केझाया रिबन कधी सोडत नसे, झोपतानाही नाही. जसजशी ढिली होईल तसतशी ती गाठ पुढे सरकवून घट्ट करायची. आता सगळी रिबन गाठीच्या मागे लोंबत होती, आणि पुढचा फास इतका लहान होता की त्यात डॉर्कसची करंगळी शिरली नाही.

"केझी," ती म्हणाली.

किटली निवताना बारीक कुरकुरली. बाहेर कालव्यावर कुणीतरी घोड्याला हाकलत होतं.

"केझी, साचा फोडला गं मी. माझ्या हाताने फोडला. कुठे आहेस? बोल ना."

तिने स्टुलाकडे जायला पाऊल उचललं.

"ताई!"

आवाज तोच होता. रविवारी छपराला जाऊन लागणारा, अख्खी खोली भरून टाकणारा, तसूभरही कमी न झालेला. आणि तो फार जवळून आला होता.

"ताई, पाय खाली ठेवू नकोस."

कारखान्यात दुपारच्या कामाची घंटा झाली, ती थांबली, आणि डॉर्कस टनिक्लिफ एक हात भिंतीला लावून, जड लाकडी बूट अधांतरी धरून, खोलीच्या मधोमध एका पायावर उभी होती.